शेजारणीच्या घरकुलावर हरकत

बाबा, काल नगर परिषदेत आपल्या वॉर्डाची बैठक होती आणि मी तिथं जळत बसले होते. विषय होता, गरिबांना घरं मिळावी म्हणून शहरानं पैसा कसा लावायचा. बरेच जण म्हणत होते, ज्याच्या नावावर जागेचा पट्टा आहे त्याला बांधायला अनुदान द्या. मी उठून म्हटलं, ज्याच्याजवळ जागाच नाही त्यानं काय करावं? परिषदेनं स्वतःच्या जागेवर खोल्या बांधाव्या, कमी भाड्यानं द्याव्या. टाळ्या पडल्या. पण पर्समध्ये माझा अर्ज होता, शेजारच्या काकूंचं नाव घरकुलाच्या यादीतून काढा, त्यांचं केशोरी गावात घर आहे म्हणून. ते घर त्यांच्या दिराचं, हे मला पक्कं ठाऊक आहे.

तुम्ही गवंडी. चौकट बसवली की घरवाले मिस्त्रीला नारळ आणि दुपट्टा देतात, तशा दुपट्ट्यांनी आपली पेटी भरलेली, आणि आपण भाड्याच्या खोलीत. काकूंची झोपडी आहे ती नाल्याकाठची जागा आधी तुम्हालाच मिळत होती. काकूंचा नवरा गेला, तुम्ही त्यांना देऊन टाकली. त्या दिवसाचं अजून डोळ्यांपुढं आहे, आई चुलीपुढं तणतणते आहे, "आपल्या लेकरायले काय देसान तुमी?" तुम्ही हात धुता धुता म्हणता, "थापी आहे ना माह्या हातात. आपन कुठंबी बांधू." कुठंच नाही बांधलं, बाबा. त्या जागेचा पट्टा झाला, आता अनुदानही येतं आहे. काकूंच्या दारासमोर बांधकामाची गिट्टी पडलेली दिसली की माझ्या पोटात दुखतं.

माझ्यानंतर काकूच उठल्या. "पोरगी बराबर बोलून राहिली. माह्या झोपडीची चौकट हिच्या बापानं बसवली, दुपट्टाबी घेतला नाही. माहं नाव मागं राहू द्या, पन भाड्यानं राहनाऱ्यायचं पहिले पाहा." मग माझ्याच बाजूला येऊन बसल्या. मला त्यांचा रागच आला. जागा त्यांनी नेली, आता चांगुलपणाही त्यांनीच न्यावा? आणि तुम्ही दुपट्टा घेतला नव्हता, हे मला त्यांच्याकडून कळावं?

अर्ज दिला नाही. त्याच्याच मागच्या बाजूला हे लिहून राहिले आहे, म्हणजे उद्या मन फिरलं तरी हा कागद कुणापुढं ठेवता येणार नाही. पण तुमच्याशी खोटं कायले बोलू, लिहायला बसण्याआधी त्या अर्जाची एक झेरॉक्स काढून ठेवली आहे.