टेबल क्रमांक नऊवर वैध धरलेल्या मताबाबत

प्रति,
मा. निवडणूक निर्णय अधिकारी,
दुसरा मजला, खोली क्र. १४
(जिला हल्ली आतून कडी असते)

विषय : टपाली मत, यादीतील अनुक्रमांक ६१२, रद्द करणेबाबत.

संदर्भ : १) पलटणीच्या कार्यालयाचे पत्र, गेल्या महिन्याची ६ तारीख.
२) त्याच कार्यालयाचे दुसरे पत्र, २८ तारीख.
३) आपल्या कार्यालयाचे तीन वेळा मिळालेले तोंडी उत्तर : "उद्या या."

महोदय,

अर्जदार ही प्राथमिक शाळेत सव्वीस वर्षे शिक्षिका आहे. आपल्याच आदेशाने गेल्या महिन्याच्या २३ तारखेस तिला टपाली मतांच्या मोजणीसाठी टेबल क्रमांक नऊवर बसवण्यात आले. गैरहजर राहिल्यास कारवाई होईल, हे आदेशात ठळक अक्षरांत छापले होते. घरी काय चालले आहे, हे विचारण्यासाठी त्यात रकाना नव्हता.

घरी चालले होते ते असे. अर्जदाराचा धाकटा मुलगा सैन्यात आहे. हद्दीवरच्या ज्या चौकीवर तो होता, तिच्यावर ४ तारखेस पहाटे तोफगोळे पडले. टीव्हीवर ही बातमी एक दिवस चालली, दुसऱ्या दिवसापासून पुन्हा प्रचारसभा सुरू झाल्या. ६ तारखेस पत्र आले की मुलगा "संपर्काबाहेर" आहे. मेला नाही, जखमी नाही, बेपत्ताही नाही. नुसता संपर्काबाहेर, म्हणजे जसा काही फोन बंद करून सिनेमाला जाऊन बसला आहे. बेपत्ता असे का लिहीत नाही, हे मुलाच्या वडिलांनी फोन करून विचारले. तिकडचा कारकून म्हणाला, "अहो काका, बेपत्ता माणसं युद्धात होतात. आपलं युद्ध कुठे चालू आहे? ही मर्यादित कारवाई आहे." मंत्रिमहोदयही रोजच्या सभेत हेच सांगत होते आणि लोक टाळ्या वाजवत होते.

टपाली मताची पद्धत आपणांस ठाऊक आहेच, तरी पुढचे समजावे म्हणून लिहावे लागते. बाहेरच्या लिफाफ्यात एक घोषणापत्र असते आणि मतपत्रिकेचा एक बंद लिफाफा असतो. घोषणापत्रावरची सही, तारीख आणि साक्षीदार अधिकाऱ्याचा शिक्का तपासायचा. सगळे ठीक असेल तर "योग्य" असा शेरा मारून आतला लिफाफा न उघडता ट्रेमध्ये टाकायचा. दुपारी बाराच्या सुमारास अर्जदाराने एक लिफाफा फोडला, तर घोषणापत्रावर तिच्या मुलाचे नाव होते. खाली तारीख होती ११.

चार तारखेनंतर सात दिवसांनी पोराने सही केली आहे, म्हणजे पोरगा जिवंत आहे, एवढेच अर्जदाराला कळले. शेजारी बसलेला बँकेतला कारकून विचारत होता, "बाई, काय झालं? पाणी आणू का?" अर्जदाराने डोळे पुसले, "योग्य" असा शेरा मारला आणि लिफाफा ट्रेमध्ये टाकला. तो कागद अयोग्य ठरवायला तिचा हात धजला नसता. कोणत्या आईचा धजेल, हे साहेबांनी घरी जाऊन आपल्या मातोश्रींना विचारावे.

सही त्याची नव्हती. अर्जदाराने त्याला स्वतःच्या वर्गात बसवून अक्षर गिरवायला शिकवले आहे. सहीखाली रेघ ओढली की तो तिचा धपाटा खायचा, म्हणून मोठा झाल्यावरही त्याने कधी रेघ ओढली नाही. या सहीखाली चांगली ठसठशीत रेघ होती. पुढच्या तासाभरात तेच अक्षर, तीच रेघ आणखी छत्तीस घोषणापत्रांवर आली. एका पोराने वर्गातल्या सहा जणांचा गृहपाठ लिहिला की वह्या तपासणाऱ्या बाईला पहिल्या पानावरच कळते. इथे तर सदतीस जणांचा लिहिला होता. अर्जदाराने उठून पर्यवेक्षकांना सांगितले. ते म्हणाले, "बाई, आक्षेप उमेदवाराच्या प्रतिनिधीने घ्यायचा असतो. तुम्ही मोजा." तोवर ट्रेमधले लिफाफे एकत्र मिसळून झाले होते.

त्या छत्तीस नावांपैकी पाच जणांची घरे अर्जदाराने शोधून काढली. पाचही घरांत "संपर्काबाहेर" असे पत्र आलेले आहे. निकाल कोणाच्या बाजूने लागला, याच्याशी अर्जदाराला काडीचेही देणेघेणे नाही. विजयसभेत मंत्रिमहोदय म्हणाले की सीमेवरच्या जवानांनीही आम्हाला भरभरून मते दिली. ते ऐकून मुलाच्या वडिलांनी ताटावरून उठून टीव्हीची वायर उपटली. ती अजून तशीच लोंबते आहे.

यानंतर २८ तारखेचे पत्र आले. सदर जवानाने ११ तारखेस मतदान केले असून ते मोजणीत वैध ठरले आहे, सबब ४ तारखेच्या घटनेच्या शोधयादीतून त्याचे नाव वगळण्यात येत आहे, असे त्यात आहे. म्हणजे अर्जदाराने मारलेल्या एका शेऱ्यावर बोट ठेवून तिच्याच मुलाला शोधणे बंद झाले. पडलेल्या चौकीच्या ढिगाऱ्याखाली कोण आहे हे पाहायला आता कोणी जाणार नाही.

अर्जदार आपल्या कार्यालयात चार वेळा आली. चौथ्या खेपेस आपल्या लिपिकाने सांगितले की मिसळलेले मत वेगळे काढता येत नाही, आणि नोंद बदलायची तर मुलगा हयात नसल्याचा दाखला आणा. पलटण म्हणते, ज्याने मतदान केले त्याचा दाखला देता येत नाही. महोदय, हा कसला निर्लज्ज कारभार आहे? मत घ्यायला माझा मुलगा सापडतो आणि शोधायला सापडत नाही?

तरी मत रद्द होत नसेल तर राहू द्या. अर्जदार या अर्जाद्वारे लेखी कबूल करते की तिने बनावट सही खरी म्हणून पुढे पाठवली. आईला सही ओळखता आली नाही, हे कोणी मानणार नाही. मीही आता मानत नाही. हा गुन्हा आहे, हे मोजणीच्या प्रशिक्षणात आपणच आम्हाला दोनदा बजावले होते. माझ्यावर आजच गुन्हा दाखल करावा. मी वकील देणार नाही, माफी मागणार नाही. मला शिक्षा व्हायची तर सरकारला न्यायालयात उभे राहून सिद्ध करावे लागेल की ११ तारखेची सही माझ्या मुलाने केलेली नाही. मग तो त्या दिवशी कुठे होता, हे न्यायाधीश विचारतील, आणि उत्तर द्यायला कोणाला तरी त्या चौकीवर जाऊन दगड उचलावे लागतील.

शाळेत रजा टाकली आहे. दोन लुगडी आणि चष्मा पिशवीत भरून ठेवला आहे. मला न्यायला माणूस पाठवा.

आपल्या कारवाईच्या प्रतीक्षेत,

(सही)
मोजणी सहायक, टेबल क्र. ९
अनुक्रमांक ६१२ ची आई
दिनांक : चालू महिन्याची ९

सोबत : १) संदर्भातील दोन्ही पत्रांच्या प्रती.
२) मुलाचे शेवटचे पत्र, सहीच्या नमुन्यादाखल. मूळ प्रत आहे, दुसरी नाही. पाहून परत करावे.