बांधावरचा वरवंटा

आबा, तुमी जाऊन इतकी वर्सं झाली, तुमची मधपेटी मीच बघतोय. हसू नका. धावीत गचकलो, पण माशा काय मार्कलिस्ट मागत न्हाईत. औंदा मातूर पेटी लईच बारीक झालती. माशा कमी, पिल्लांची घरं मधनं मधनं रिकामी. साखरंचा पाक ठेवला, तो प्यायच्या आनि तशाच मरगळलेल्या. मग तुमचं चुलीम्होरचं बोलणं आठवलं. मी बारका असताना साखर-चपातीबिगर कायच खात नव्हतो. तुमी ताट वडून घेतलासा आनि म्हणालासा, "साखरंनं पोट भरतंय, अंग धरत न्हाय. माशांचं बी तसंच हाय की रं. मधावर त्या उडत्यात, पण पिल्लं पोसत्यात परागावर. आनि एकाच फुलाचा पराग म्हंजे रोज नुसता भात." मी म्हणालो, "मग त्यास्नी बी रस्सा करा की!" पाठीत धपाटा बसला आनि ताटात मेथीची भाजी पडली.

ते आठवलं तसा पेटीच्या दाराशी बसलो आनि माशांच्या पायाकडं बघितलं. सगळ्यांच्या पायाला एकच फिकट पिवळा पराग, शेजारच्या मक्याचा. तुमच्या वक्ताला हितं रंगपंचमी असायची. म्हंजे दुखणं पेटीत न्हाय, रानात हाय. चौफेर नुसता ऊस, मधी तेवढा शेजारचा मका. आपल्या बांधावर तेवढं कुर्डू, कारळं, लाजाळू असलं फुलणारं तण वर येत हुतं, आनि नेमका तवाच तात्यानं तणनाशकाचा पंप आणला.

"सगळा बांध जाळतो. एक सरी वाढंल."

"तात्या, माशांचं खाणं हाय ते. ते गेलं की पेटी गेली."

"माशा काय कारखान्याला ऊस घालत्यात व्हय रं?"

वादात मला तात्या कधी गावला न्हाय. तुमचा सख्खा भाऊच तो, माझा चुलता. म्हणून गडहिंग्लजच्या बाजारातनं शेंदूर आणला. मिक्सर आल्यापास्नं आईचा वरवंटा घरामागच्या परड्यात पडूनच हुता. त्याला शेंदूर फासला, बांधाच्या मधोमध उभा केला, वर झेंडूचं फूल ठेवलं. दुसऱ्या दिशी सकाळी तात्या पाठीवर पंप घेऊन आला, थबकला आनि चपला काढल्या.

"हितं देव कवापास्नं?"

"आबांच्या वक्तापास्नं."

"मग मला कसा दिसला न्हाय?"

"तुमी कवा बांधाकडं बघितलासा?"

पंप तसाच घरी गेला.

आता बांध गच्च हाय. कारळं फुललंय. माशांच्या पायाला नारिंगी, पांढरट, पिवळं, कायबाय दिसतंय. काल झाकण उघडलं, तर पिल्लांची घरं कडंपतोर भरलेली. काकी, तात्याची बायकू, तितं रोज दिवा लावती. आई तेवढी त्या देवाकडं निरखून बघती, मग माझ्याकडं.

हा कागद बांधावरच ठेवणार हुतो, पण काकीच्या हाताला लागला तर माझी धडगत न्हाय. खिशातच ऱ्हाऊ दे. परवा काकीनं नारळ फोडता फोडता इचारलं, "देवाचं नाव तरी सांग की रं." बंडल मारायला मला कधी वेळ लागत न्हाय. पण आबा, तोंडात तुमचंच नाव आलं. ते तसंच गिळलं आनि नारळाचं पाणी धरायला तांब्या म्होरं केला.