दोर वळणाऱ्यांची पणती

सावेडी, रविवार, संध्याकाळ

कॉलेजच्या फॉर्मात घराण्याविषयी लिहायचं म्हणून नात मेघानं विचारलं, "आजोबा, तुमचे वडील काय करायचे?" आजवर सगळ्यांना शेतीच सांगितली. का? लाज वाटायची, दुसरं काय! आज मात्र खरं बोललो: घायपाताच्या पानांतल्या धाग्यांचे दोर वळायचे. गच्चीवर सुतळी घेऊन दाखवलंही. दोर वाढतो तसं मागं मागं चालायचं. मग तिनंही करून बघितलं, तर मागं चालता चालता पोरगी पाण्याच्या टाकीवर आदळली.

"आजोबा, मला कॉलेजात हेच शिकायचंय. धाग्यापासून कापडापर्यंत!"

मी जन्मभर झाकलेलं, तेच हिला पुढची वाट वाटलं! मग हळूच म्हणाली, "दोर वळायचे, असं लिहू ना?"

"लिही बाई. मोठ्या अक्षरात."

मागं मागं चालणारा बाप आज किती वर्षांनी दिसला.