पेलूसाला आता बरं आहे

प्रिय रोसमेरी,

पहिल्या ओळीतच सांगून टाकते, कारण बाकी काही वाचण्याआधी तुला तेच हवं असणार. तुझी पेलूसा बरी आहे. लघवी साफ होते, करताना ओरडत नाही. खाते, पिते, मी जवळ गेले की शीळ घालते. झालं समाधान? आता खाली बस आणि पुढचं सगळं वाच. फोनवर तू बोलतेस आणि मी ऐकते, आणि माझी बोलायची पाळी येईपर्यंत तुझ्या दारात कुणीतरी येऊन उभं असतं. शिवाय आपल्याकडे फोन लागतो तो वरच्या खडकावर, आणि तिथून बोललेलं अर्ध्या गावाला ऐकू जातं. कागद मध्येच तोडता येत नाही म्हणून लिहिते आहे. मी रागावले आहे, रोसमेरी. तुझ्यावरच रागावले आहे. ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही.

तू आलीस तो दिवस आठव. तुला बघून वर्ष उलटून गेलं होतं. मी सकाळपासून वाळवलेल्या बटाट्यांचं सूप चढवलं होतं, मेंढीचं हाड घालून, तुला आवडतं तसं. नवी गाडी घेऊन तुम्ही हद्दीपलीकडच्या कोपाकाबानाला निघाला होतात, तिच्यावर फुलं वाहून पाद्रीबाबांकडून पाणी शिंपडून घ्यायला, आणि तिथून पुढे तुझ्या दिराकडे, एडविनच्या भावाकडे. गाडी थांबली आणि तू उतरलीस ती पोटाशी टोपली धरून. टोपलीला जाळीची खिडकी, आत मऊ चादर. लांबून मला वाटलं तान्हं मूल आहे. खरंच वाटलं. आम्हाला न कळवता झालं असलं तरी चालेल, असं मनाशी म्हणत मी धावत आले. बघते तर कुई. शहरात तुम्ही तिला गिनीपिग म्हणून मांडीवर घेता, पण आपल्याकडे कुई चुलीच्या उबेला वाढते आणि सणाला ताटात येते, हे तू विसरलीस का? लहानपणी तिच्या कानातलं कोल्ह्याच्या आकाराचं हाडूक मिळावं म्हणून तू बाबांशी भांडायचीस. ते हाडूक चिचात, मक्याच्या दारूत, टाकून पितात, नशीब उघडतं म्हणून. तू तुझा आणि त्यांचाही पेला रिकामा करायचीस.

आणि आता तू मला म्हणालीस, "आई, ही माझी लेकच समज." सूप उभ्यानं प्यालीस, जाकीटसुद्धा काढलं नाहीस. बाहेर एडविन गाडी चालू ठेवून बसला होता. पेलूसाच्या मूत्राशयाला सूज आली आहे, डॉक्टरांनी औषध दिलं आहे, हद्दीपलीकडे जनावर नेऊ देत नाहीत, म्हणून तुझ्याकडे ठेवते, असं भराभर सांगून टाकलंस. मग मला चुलीपाशी बसवून धडा दिलास. बिनसुईच्या पिचकारीत औषध किती ओढायचं, पुढच्या दातांमागे गालातून ते कसं सोडायचं, घाई केली तर श्वासात कसं जातं. मी जन्मभर कुई पाळल्या आणि मला कुई कशी धरायची ते माझी मुलगी शिकवत होती. मी मान डोलावत राहिले, कारण तू आली होतीस आणि मला भांडायचं नव्हतं. तेव्हा मी उठले ती भिंतीला धरून, हे तू पाहिलं नाहीस. तू टोपलीत बघत होतीस.

केलं मी सगळं. पिठाच्या पोत्याचं पांढरं कापड धुऊन तिच्याखाली अंथरलं, लघवीचा रंग कळावा म्हणून. ओलं झालं की बदललं. मागचा भाग कोमट पाण्यानं पुसला, कोरडा केला, नाहीतर चट्टे पडतात म्हणालीस. बाजारातून लाल भोपळी मिरची आणून बारीक तुकडे करून भरवले. ती तर बाबांच्या ताटातही कधी आली नव्हती. पेलूसाला धूर सोसत नाही म्हणून चूल अर्धी विझवून स्वयंपाक केला. माझ्या कुई कोपऱ्यात जमून हिच्याकडे टकामका बघायच्या. कानामागून आली आणि तिखट झाली, म्हणत असतील. बाबा तर हसून हसून आडवे व्हायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमच्या सातुर्निनाला नात झाली. मिशा आहेत तिला."

तरी ती सुधारेना. पाठीचा कुबड करून बसायची, कान ताठ, आणि लघवीला झाली की बारीक, लांब ओरडायची. तिचं ते ओरडणं मला ऐकवेना. मग मी जे माझ्या आईनं केलं, तिच्या आईनं केलं, तेच केलं. आजारी जनावराला आपण काय देतो? पाटाच्या कडेचा कोवळा लसूणघास, पहाटे कापलेला, सावलीत थोडा सुकवलेला. माझ्या धडधाकट कुईंच्या तोंडचा काढून हिला दिला. तिनंही आनंदानं खाल्ला. दुसऱ्या दिवशी कापडावर लाल डाग दिसला आणि मी धावत खडकावर जाऊन तुला फोन केला. तू काय बोललीस ते तुला आठवत नसेल, मला आठवतं. लसूणघासात चुना असतो, त्यानं मूत्राशयात खडे होतात, मी तुला नको म्हणून सांगितलं होतं, तू माझ्या पेलूसाला मारशील. आणि मग, "इतकंही कळत नाही तुला?" खाली पाटावर बायका कपडे धूत होत्या. त्यांना ऐकू गेलं. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली, पण मी एवढंच म्हटलं, बरं, आता नाही देणार. तुझं खरंच होतं म्हण. घास बंद केला, सुकं गवत आणि पाणी सुरू ठेवलं, तेव्हाच तिला उतार पडला. पण खरं बोलणाऱ्यालाही बोलायची रीत असते. ती मी तुला शिकवली होती.

त्यानंतर तुझे फोन वाढले. सकाळी फोन, संध्याकाळी फोन. लघवी झाली का, किती झाली, रंग कसा, करताना दुखतं का, जेवली का, अंग गरम लागतं का. उंटावरून शेळ्या हाकणं चाललं होतं. मी खडकावर चढून जायची, कमरेत कळ यायची, मध्ये दोनदा बसायला लागायचं, आणि वर पोचून मी तुला एका जनावराच्या लघवीची बातमी द्यायची. एकदा तू विचारलंस, आई, तुला धाप का लागली आहे. माझं काळीज भरून आलं. मी सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात तू म्हणालीस, पेलूसाला एकटं सोडून लांब आली नाहीस ना?

मग एक दिवस बासिलियाबाई आली. तुला माहीत आहे, गावात कुणी आजारी पडलं की कुई अंगावरून फिरवून दुखणं बघणारी तीच. तुझ्या लहानपणच्या तापात तिनंच बघितलं होतं. तिनं पेलूसाला हातात घेतलं, पोट चाचपलं आणि म्हणाली, "हिनं कुणाचंतरी दुखणं ओढून घेतलंय. या घरात लघवीतून रक्त कुणाला जातं?" मी म्हटलं, ती इथली नाही, लेकीच्या घरून, अरेक्विपाहून आजार घेऊनच आली आहे. हे बोलता बोलताच माझ्या लक्षात आलं. अरेक्विपात तिच्याजवळ कोण असतं? तू असतेस. रात्रंदिवस मांडीवर घेऊन तूच बसतेस. मी बासिलियाला तशीच बसवून खडकावर गेले आणि तुला विचारलं, बाळा, तुला तर काही होत नाही ना, लघवीला जळजळ, रक्त, कंबर. तू हसलीस. तिथेच एडविनला सांगितलंस, आणि तोही हसलेला मला ऐकू आला. म्हणालीस, आई, हे गावठी खूळ आता सोड. मी तुझ्या काळजीनं खडकावर चढून आले होते, रोसमेरी. आणि तुम्ही दोघं हसत होतात. तुझ्या जनावराच्या लघवीची चौकशी म्हणजे शहाणपण आणि माझ्या मुलीची मी केली तर खूळ, हे कुठल्या शाळेत शिकवलं तुला?

खाली आले तर बासिलिया तशीच बसली होती. ती मला चालताना बघत होती. तिनं माझा हात धरला, आणि मी रडले. कार्निव्हलच्या सणाआधीपासून मला लघवीला रक्त जातं आहे. आधी गुलाबी, आता लाल. मला थंडी बाधली आहे असं मी बाबांना सांगत होते आणि मक्याच्या कणसाचे केस उकळून पीत होते. बासिलिया म्हणाली, आत्ताच बघू, ही पेलूसा आहेच, आजारीच आहे, हिलाच तुझ्या अंगावरून फिरवते. म्हणजे मग तिला कापून आत बघायचं, हे तुला सांगायला नको. माझ्या मनात आलं नाही असं नाही. खोटं का बोलू, क्षणभर आलं. पण मी पेलूसाला तिच्या हातातून काढून घेतलं आणि म्हटलं, "ही माझ्या लेकीची आहे. हिला हात लावायचा नाही." माझी काळी कुई धरली, विणीची, घरातली सगळ्यात चांगली. बासिलियानं ती डोक्यापासून पायापर्यंत फिरवली आणि कमरेशी आल्यावर तिनं माझ्या अंगावरच प्राण सोडला. आत उघडून बघितलं तर एका बाजूचं मूत्रपिंड काळंनिळं, मूत्राशयात रक्ताची गाठ. तू हसशील. हस. पण बासिलिया हसली नाही. तिनं हात धुतले आणि म्हणाली, "हे माझ्या हातातलं नाही, सातुर्निना. दवाखान्यात जा. आणि एकटी जाऊ नकोस."

खालच्या शहरातल्या दवाखान्यात मी एकटी जाणार नाही, हे बासिलियाला माहीत आहे. तुझ्या धाकट्या भावाच्या वेळी मी गेले होते. मला स्पॅनिश नीट येईना म्हणून तिथल्या नर्सबाईनं सगळ्यांदेखत मला झापलं, आणि मी आपल्या बोलीत, केचुआत, सांगत राहिले की बाळ हलत नाही, आणि ते कुणी ऐकलं नाही. तो गेला. तू तेव्हा शाळेत होतीस, आणि तुला पुढे शिकवायचं मी तेव्हाच ठरवलं. आपल्या घरात एकजण तरी असं हवं, ज्याचं तिथे ऐकतील. बाबांना मी सांगितलेलं नाही. ते बरोबर आले तरी टोपी हातात घेऊन दारापाशी उभे राहतील.

काल तू फोनवर ओरडलीस की औषधाची बाटली इतक्यात संपली कशी, सांडली असशील, धांदरट आहेस. म्हणून हे पत्र. मी उत्तर न देता फोन ठेवला, कारण पाटावर बायका होत्या. सांडली नाही, रोसमेरी. मी प्याले. जनावराला गुण आला तर मलाही येईल असं वाटलं. रोज आधी पेलूसाला तिचा वाटा मोजून दिला, तो एका थेंबानं कमी केला नाही, मग माझा घेतला. शेवटचा घोट उरला तोही तिलाच दिला. ती बरी झाली, मी झाले नाही. मला तुझ्यावर राग आहे आणि तो एवढ्यात जाणार नाही, तो मनात घेऊनच मी तुझी वाट बघते आहे. हे पत्र बसच्या चालकाच्या हाती देते. त्याच बसनं परत ये. एडविनला घरी ठेव, जाकीट काढून घरात बस, आणि सकाळी माझ्याबरोबर दवाखान्यात चल. डॉक्टर तरुण पुरुष असला तर मला लाजेनं बोलता येणार नाही. तू त्याला माझ्या लघवीचा रंग सांग.

तुझीच,
आई