केटोसचं कार्ड

बुधवार, १२ नोव्हेंबर

प्रिय शेंडेफळ,

कशी आहेस? आईचा गुडघा शेकतेस ना? इकडे सगळं ठीक. लिफ्ट पुन्हा बंद पडली आहे, त्यामुळे शब्दकोशाच्या कचेरीत सगळे धापा टाकत येतात आणि पहिला अर्धा तास कोणी कोणाशी भांडत नाही. तुझ्या टेबलावरची कुंडी मी जगवली आहे.

सरांनी तुझा राजीनामा अजून मंजूर केलेला नाही, खणात ठेवलाय. आई फोनवर सांगत होती, तू म्हणालीस म्हणे, "आपण काय लिहिलं तेच आठवत नसेल तर कोशात बसायचं कशाला?"

तुला बरोबर आठवतंय गं.

तो गुरुवार आठव. सर नेहमीसारखी नवी कार्डं मोठ्याने वाचत होते. लिहिणाऱ्याचं नाव सांगायचं नाही, कार्डामागे त्याने काढलेली खूण शेवटी बघायची, हा त्यांचा नेम. ग्रीक शब्दांचा गठ्ठा होता. "केटोस : समुद्रातला कोणताही अजस्र जीव. देवमासा, सील, मोठा टुना, गोष्टीतला राक्षसी जलचरसुद्धा. किनाऱ्यावरच्या माणसाला ज्याची धडकी भरते ते सगळं." सरांनी चष्मा काढला. "बावीस वर्षांत असं कार्ड आलं नाही," म्हणाले. मग उलटून बघितलं. तुझं वर्तुळ.

ती बावीस वर्षं माझी होती. तुला ग्रीक मुळाक्षरं मी शिकवली, ओट्यावर सांडलेल्या पिठात बोट धरून. तू येऊन तीन वर्षं नाही झाली आणि माझ्यादेखत सर असं बोलले. मी हसून तुझी पाठ थोपटली. आतून नुसता जळफळाट होत होता.

छापखान्याकडे जाणारी कार्डं माझ्या हातून जातात. तुझं कार्ड मी माझ्या पिशवीत टाकलं आणि त्या जागी नवीन टाइप केलं, "केटोस : देवमासा." एवढंच. मागे तुझं वर्तुळ काढलं. वर्तुळ काढायला असा कितीसा वेळ लागतो?

मग ते छापून आलं आणि एका निवृत्त मास्तरांचं पत्र आलं : जुन्या ग्रीक महाकाव्यात वाळूवर झोपलेल्या सीलनाही हाच शब्द आहे, तिथे तुमचे देवमासे झोपवायचे का? सर सगळ्यांसमोर तुला म्हणाले, "एवढं सुंदर लिहून छापायला हे पाठवलंस?" तुझा चेहरा पांढराफटक पडला. "घाईत मीच गाळलं असेल," म्हणालीस. मी पुढचं कार्ड टाइप करत राहिले. खरं सांगते, मला बरं वाटलं. त्या दिवशी घरी येऊन दोनदा वाढून घेऊन जेवले.

तू गेल्यावर मात्र तुझी खुर्ची बघवेना.

उद्या गुरुवार. तुझं मूळ कार्ड मी सरांच्या गठ्ठ्यात वरच ठेवलंय. त्याखाली दुसरं, मी काय केलं ते सगळं लिहिलेलं. सर तेही नाव न सांगता मोठ्याने वाचतील, मग उलटतील. मागे माझ्या दोन रेघा आहेत. मी माझ्या जागेवरच बसलेली असेन.

माफ कर म्हणायला तोंड नाही. आजही ते कार्ड वाचलं की पोटात दुखतं, "धडकी भरते" हे मला का सुचलं नाही म्हणून. पण राजीनामा मागे घे. सोमवारपासून त्या कुंडीला पाणी घालायला मी बहुतेक तिथे नसेन.

तुझ्यावर जळणारी, तरी तुझीच,
ताई