तीनशे गाऊन आणि माझं नेतृत्व

सोमवार, ४ तारीख
शिवणखात्याच्या मुकादमबाई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तीन आठवडे रजेवर. मालकांनी खातं माझ्याकडे दिलं. अकरा वर्षं स्टोअरमध्ये दोरे-बटणं सांभाळली, अखेर गुणांची कदर झाली. १६ तारखेला हॉस्पिटलचे तीनशे गाऊन गेले नाहीत, तर पुढचं सगळं काम दुसऱ्या कारखान्याला जाणार. म्हणजे नेत्याची कसोटी!
संकल्प: पहाटे पाचला उठणे. व्यायाम. रोज दहाला टीम मीटिंग.
ही म्हणाली, आधी स्वतःच्या पांघरुणाची घडी घाला. दुर्लक्ष केलं.

मंगळवार, ५. पहाटे ५.००
उठलो.

सकाळी ८.४०
पुन्हा उठलो. शरीराचं ऐकणं हीसुद्धा चांगली सवय.

संध्याकाळी
मीटिंग झकास. पन्नास मिनिटं बोललो. विषय: ऐकण्याचं महत्त्व. कटिंग मास्तर डोळे मिटून ऐकत होते. केवढी एकाग्रता! इस्त्रीवाल्या मावशींनी विचारलं, हात चालू ठेवून ऐकलं तर चालेल का? नाही म्हणालो. शिस्त म्हणजे शिस्त.

गुरुवार, ७
गाऊन फक्त बेचाळीस. मास्तर म्हणतात, मीटिंगमध्ये वेळ जातो. लगेच दुपारी चारला दुसरी मीटिंग ठेवली. विषय: वेळ कुठे जातो?

शनिवार, ९
पाचचा गजर लेकीच्या खोलीत ठेवला, तिलाही सवय लागावी म्हणून. तिने गजर बंद केला. माझ्याशी बोलणंही.
खात्यात मात्र आकडा नव्वदवर! कुरकूर संपली. मावशी स्वतःहून म्हणाल्या, बोला साहेब, निवांत बोला.

मंगळवार, १२
एकशे साठ. मालकांना सांगितलं, माणसं आतून पेटवावी लागतात. ते म्हणाले, जपून, कापडाचं खातं आहे. मोठ्या विचारांना हे असं उत्तर!

गुरुवार, १४
आज खरोखर पाचला उठलो. शेजाऱ्यांची पाण्याची मोटर. सव्वासहाला कारखान्यात. म्हटलं, सर्वांआधी नेता!
आत दिवे लागलेले. मशिनी धडाधड चालू. सगळे हजर. टेबलावर मास्तरांचा फोन, आणि त्यातून मुकादमबाईंचा आवाज: "बाह्या आधी उरका. दहाला साहेब सुरू होतील, तोवर वीस काढा."
मावशींची नजर माझ्यावर पडली. त्यांनी घाईघाईने स्टूल पुढे केलं. हे कधीपासून, मी विचारलं.
"शुक्रवारपासून," मास्तर म्हणाले. "तुमचा मान राहायला हवा आणि कामही व्हायला हवं. कामाच्या वेळात दोन्ही बसेना."
फोनमधून बाईंनी विचारलं, कोण आलंय?
मीच म्हणालो, "मी. आज मीटिंग नाही."
मग मशिनी दुप्पट वेगाने.
थोड्या वेळाने विचारलं, मी काय करू? मावशींनी नाड्या लावायला दिल्या. हात भरून आले, पण बरं वाटलं.

शनिवार, १६
तीनशे गाऊन दुपारी रवाना. दोन दिवसांत साठांना मी नाड्या लावल्या. पुढून. पेशंटचे गाऊन मागून बांधतात म्हणे. मास्तरांनी जेवणाची सुट्टी सोडून सगळ्या उसवल्या, मावशींनी पुन्हा लावल्या. मला कुणी एका शब्दाने बोललं नाही. टेबलाखाली तुटक्या दोऱ्यांचा ढीग दिसला, म्हणून विचारलं.
मुकादमबाई आठवडाभर आधीच येतायत, कुबडी घेऊन. मालकांनी सर्वांसमोर मला स्टोअरची किल्ली परत दिली.
खूप टाळ्या पडल्या. मास्तर तर उभे राहिले.