पिठीसाखरेची बोटं

४ जून
साखर पुन्हा दोनशे दहा! आठवा महिना चालू आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इन्सुलिन वाढवू. तुमची साखर चढली की बाळाकडेही जास्त जाते. मग ते पोटातच स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवायला लागतं."

दिवसभर बेकरीत केकवर गुलाब काढते, पण क्रीमचं बोटही चाटत नाही. मग येते कुठून? सासूबाई म्हणतात, "लपून खातेस का गं?" थट्टेतच, पण झोंबलं.

९ जून
केकवर नाव लिहिताना हात थरथरले. दरदरून घाम! मोजली – एकशे ऐंशी. मग ही चक्कर कसली? "अगं, बस खाली!" मालक ओरडले. हात धुऊन पुन्हा मोजली. अठ्ठावन्न!! त्यांनी सरबत पाजलं तेव्हा डोळ्यांपुढचा अंधार गेला.

बोटांना पिठीसाखर. रोज कामातच मोजायची, हात नुसते ॲप्रनला पुसून! यंत्र बेकरीची साखर मोजत होतं आणि मी इंजेक्शन वाढवत होते. बाळ आज हललं का? आठवत नाही. आठवतच नाही!

१० जून
हललं. डॉक्टरीणबाईंनी डोस कमी केला.

१३ जून
सुई हातात घेतली की वाटतं, पुन्हा अठ्ठावन्न झाली तर? जीव घाबरा होतो. परवापासून इन्सुलिन घेतलंच नाही. आज धुतलेल्या हातांनी मोजली – दोनशे चाळीस. ही खरीच. नवरा म्हणाला, "मी टोचतो, तू डोळे मीट." आधी का नाही सांगितलं त्याला?

२ जुलै
मुलगी! सव्वाचार किलो. सासूबाई खूश, "केवढी गुबगुबीत!" बाळाचे डॉक्टर हसले नाहीत. "वजनावर जाऊ नका. नाळ कापली, आईकडची साखर थांबली. हिचं इन्सुलिन मात्र चालूच आहे." तिची साखर सव्वीस. काचेच्या पेटीत नेली. अठ्ठावन्नला माझे हातपाय गळाले होते, आणि ही एवढीशी!

३ जुलै
सलाईन लावलंय. साखर बघायला टाच टोचतात, ती डोळाही उघडत नाही. सासूबाई म्हणतात, "शांत आहे हो पोर." शांत नकोय मला! खूप भीती वाटते. माझ्यामुळेच झालं, हे कुणी तोंडावर म्हणत नाही एवढंच.

४ जुलै
सकाळी सिस्टरनं टाच टोचली – आणि काय किंचाळली! लालबुंद, पाय झाडत. "चिडल्या हो बाईसाहेब!" सिस्टर हसली. रड गं बाई, रड.